दूधसागरात उतरायचं म्हणून बेचाळिसाव्या वर्षी पोहायला शिकलो

मला पोहता येत नव्हतं. बेचाळीस वर्षं झाली तरी नाही. नागपूरच्या माणसाला पोहता येत नाही यात नवल काही नाही म्हणा, समुद्र आमच्यापासून एक रात्र आणि एक दिवस लांब, नदी म्हणजे नाग नदी, तिच्यात बोट बुडवायचीही कोणाची हिंमत नाही, आणि फुटाळा-अंबाझरी हे काठावर बसून भुट्टा खायचे तलाव. पण माझ्या बाबतीत खरं कारण आई. काटोलकडे मामाची संत्र्याची बाग होती, बागेत पायऱ्यांची विहीर, उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत माझे सगळे मामेभाऊ पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून त्या विहिरीत धपाधप उड्या मारायचे, महिनाभरात डबा सुटायचा आणि पोट्टे मासोळीसारखे फिरायला लागायचे. मी वर, कठड्यापासून चार हात लांब, आईच्या नजरेसमोर. "पाणी कोनाचं सगं नसते" हे तिचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की अजूनही बादली भरताना आठवतं. तिच्या माहेरी तिच्या लहानपणी कोणीतरी बुडालं होतं, कोण ते तिने कधी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

तर झालं असं की फेब्रुवारीत आमच्या पोट्ट्याने, आठवीत आहे तो, मोबाइलवर गोव्यातल्या दूधसागर धबधब्याचा व्हिडिओ दाखवला. तोच, सगळ्यांनी पाहिलेला, डोंगरावरून पांढरंशुभ्र पाणी कोसळतंय आणि त्याच्या मधूनच रेल्वे जातेय. म्हणाला बाबा, दिवाळीत इथं जाऊ. मी म्हटलं जाऊ. मग म्हणाला खाली डोह आहे, त्याच्यात लोक पोहतात, तुम्ही उतरणार का? आणि मी, काय डोक्यात आलं माहीत नाही, म्हणालो "हौ, का नाही." बायको स्वयंपाकघरातून हसली. ते हसणं मला लागलं. पोहण्याच्या टाकीवर एप्रिलच्या बॅचला नाव टाकलं.

सकाळी सहा ते सात. बॅचमध्ये मी, एक साठीचे रिटायर्ड काका ज्यांना डॉक्टरने गुडघ्यासाठी पाठवलं होतं, आणि बाकी सगळी आठ-दहा वर्षांची पोरं. त्यांच्यामध्ये मी साडेतीन फुटाच्या पाण्यात भिंतीचा दांडा धरून पाय आपटून राहिलो, चष्मा काढलेला, माझा नंबर मायनस साडेपाच आहे त्यामुळे समोर फक्त निळा रंग आणि त्यात हलणारे डाग. पहिला आठवडा नुसते बुडबुडे. तोंडाने श्वास घ्यायचा, डोकं पाण्यात, नाकाने सोडायचा. ऐकायला सोपं वाटतं, पण मेंदू ऐकत नाही हो, पाण्यात डोकं गेलं की तो श्वास कोंडून धरतो, मग वर आल्यावर आधी जुना सोडायचा का नवीन घ्यायचा यात गोंधळ, आणि तेवढ्यात नाकात पाणी. आमचे सर जेमतेम चोवीस-पंचवीस वर्षांचे, मला काका म्हणायचे. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "काका, पाणी तुम्हाला बुडवून नाही राहिलं, तुम्ही पाण्याशी कुस्ती खेळून राहिले."

सगळ्यात जास्त वेळ लागला तो उताणं तरंगायला. छातीत हवा भरलेली असली की माणूस पाण्यापेक्षा थोडासाच हलका असतो, त्यामुळे फार थोडा भाग वर राहतो, तोंड आणि नाक एवढं पुरतं. पण आपल्याला भीती वाटते म्हणून आपण मान वर उचलतो, मान उचलली की कंबर खाली, कंबर गेली की पाय खाली आणि गेलाच माणूस. सर म्हणायचे कान बुडाले पाहिजे, आकाशाकडे पाहा, पोट वर करा. माझं पोट तसंही वरच असतं. एक महिना लागला त्या एका गोष्टीला. मेच्या शेवटी मला आडवी एक फेरी मारता यायला लागली, स्टाइल म्हणाल तर म्हशीला बरी, पण मारायचो, आणि एकदा खोल बाजूलाही जाऊन आलो, भिंतीला चिकटून. एक गोष्ट तेव्हा लक्षात आली नव्हती ती आत्ताच सांगून ठेवतो. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसला, टाकीचं पाणी सकाळी सहालासुद्धा कोमट असायचं, चहा टाकला तर होईल असं. मला वाटायचं पाणी म्हणजे असंच असतं.

आईला काही सांगितलं नाही. सकाळी फिरायला जातो असं सांगायचो. केस ओले का तर घाम.

तिकीट नागपूर-मडगाव स्पेशलचं काढलं, ती आठवड्यातून दोनदा असते, दुपारी निघते आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मडगावला टाकते, भुसावळ-नाशिक-कल्याण-पनवेल करत पूर्ण महाराष्ट्र आडवा कापून मग कोकणात उतरते. प्रवासाचं जास्त नाही लिहीत. मुर्कुलं, चिवडा, पत्ते. सकाळी डोळे उघडले तर खिडकीबाहेर सगळं हिरवं, चिपळूणच्या आसपास असेल, बायको म्हणाली आपल्याकडे ऑक्टोबर एंडला एवढं हिरवं फक्त पालक असते.

आम्ही राहिलो ते मोले गावाच्या अलीकडे एका कुळागरात. कुळागर म्हणजे सुपारीची बाग, पण नुसती सुपारी नाही, सुपारीवर मिरीचे वेल चढवलेले, मध्ये केळी, फणस, जायफळ, आणि सगळ्यातून पाट काढून पाणी फिरवलेलं. आमच्या संत्र्याच्या बागा कशा रांगेत, उन्हात, मध्ये मोकळी जमीन. इथं आत शिरलं की दुपारी बारालासुद्धा संध्याकाळ. मालक साठीच्या पुढचे, बारीक, अंगात बनियन, कमरेला आकडी आणि त्यात कोयती. त्यांना मी काका म्हणायला लागलो आणि त्यांच्या बायकोला काकू. काकूंनी पहिल्या रात्री हुमण, म्हणजे माशाचं कालवण, आणि उकड्या तांदळाचा भात वाढला. चांगलं होतं, पण सावजीवर वाढलेल्या माणसाला नारळाच्या रसात तिखट शोधावं लागतं हो.

आता जंगलाबद्दल. नागपूरकराचं जंगल म्हणजे ताडोबा, पेंच, उमरेड-कऱ्हांडला. जिप्सीत बसायचं, चितळाचा कॉल आला की सगळ्यांनी चूप, गाइडने हात वर केला की इंजिन बंद. आणि जायचं ते एप्रिल-मेमध्ये, कारण सागाची पानं गळलेली असतात, आरपार दिसतं, नाले आटलेले असतात म्हणून सगळी जनावरं मोजक्या पाणवठ्यांवर येतात. म्हणजे आपलं वन्यजीवदर्शन हे खरं तर दुष्काळदर्शन आहे. हे मला तिथं गेल्यावर कळलं. मोलेच्या जंगलात पाणी सगळीकडे. नागपूरला वर्षाला साधारण अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो, इथं घाटावर त्याच्या तिप्पट-चौपट. मग कोणतं जनावर कशाला एका जागी येऊन तुम्हाला दर्शन देईल? झाडं एकावर एक तीन मजली, खाली वेत आणि झुडपं, दहा फुटांपलीकडे गवा उभा असला तरी दिसायचा नाही. पोट्ट्याने पहिल्याच संध्याकाळी विचारलं, काका इथं वाघ आहे का? काका म्हणाले आहे, पण तो तुला बघतो, तू त्याला नाही. मग थोडं थांबून म्हणाले, २०२० च्या जानेवारीत शेजारच्या म्हादई अभयारण्यात वाघीण आणि तिचे तीन बछडे विष देऊन मारले. पुढे कोणी काही बोललं नाही.

बरं, उद्यान म्हणून नकाशावर पाहाल तर मोठं नाही. भगवान महावीर अभयारण्य पूर्ण २४० चौरस किलोमीटर, त्यातला गाभ्याचा १०७ चौरस किलोमीटर भाग मोले राष्ट्रीय उद्यान म्हणून १९७८ साली जाहीर झाला. आपलं ताडोबाचं मूळ राष्ट्रीय उद्यानही ११६ च्या आसपास. आकार सारखाच, पण पाहायची पद्धत पूर्ण वेगळी. पहिला दिवस मी मान सरळ ठेवून चाललो, झाडांच्या बुंध्यामधून पिवळं काही हलतंय का बघत, आणि काहीच दिसलं नाही. काकांनी मान वर करायला शिकवलं. सुपारीच्या खोडावर, डोळ्यांसमोर म्हणा ना, एक सरडा चिकटला होता, खोडाच्याच रंगाचा, तो मला दोन मिनिटं दिसला नाही. मग त्याने गळ्याखालून पिवळीधमक पट्टी बाहेर काढली, आत घेतली, पुन्हा काढली, कोणीतरी पिवळा रुमाल हलवून बोलवतंय असं, आणि एकदम उडी टाकली. उडी म्हणजे खाली पडला नाही, बाजूचे पंख उघडून तरंगत पंधरा-वीस फुटांवरच्या दुसऱ्या सुपारीवर जाऊन चिकटला. उडता सरडा. पंख म्हणजे खरे पंख नाहीत, लांब झालेल्या बरगड्यांवर ताणलेलं कातडं. पोट्टा वेडा झाला. मी पण. वीस वेळा ताडोबाला गेलोय, तीन-चार वेळा वाघ पाहिलाय, पण "हे काय होतं बे" असं तोंडातून निघालं ते इथं.

शेकरूही दिसलं. आपला राज्यप्राणी, मेळघाटात आहे म्हणतात पण मला तिथं कधी दिसलं नाही, दिसलं ते गोव्यात जाऊन. गोव्याचा राज्यप्राणी गवा, तो मी ताडोबात पोटभर पाहिलाय. अशी ही अदलाबदल.

आणि जळवा. त्याचीच वाट पाहत असाल. पाटाच्या कडेने चालताना बायकोच्या मोज्यावर काळी बारीक सुतळी हलताना दिसली, तिने जी किंकाळी फोडली ती घाट ओलांडून कर्नाटकात गेली असेल. काका म्हणाले मीठ किंवा तंबाखू लावा, सुटते. मीठ घरात. आणि माझा हात, विचार करायच्या आत, पँटच्या चोरखिशात गेला आणि खर्ऱ्याची पुडी बाहेर आली. दोन वर्षांपूर्वी सोडला असं मी घरी सांगितलं होतं. जळू सुटली. जखम दुखत नाही, पण रक्त थांबत नाही लवकर, कारण ती चावताना रक्त गोठू नये असं काहीतरी सोडते, बराच वेळ मोजा लाल होत राहिला. त्यापेक्षा बायको जास्त वेळ लाल होती. काका नंतर हळूच म्हणाले की तंबाखूचीही गरज नसते, नखाने तोंडाकडून सरकवली की निघते. हे आधी सांगायचं ना काका.

दूधसागरचा दिवस. इथं एक तक्रार आहे. ज्याच्याकडून आम्ही ट्रिप बुक केली होती त्या एजंटने सांगितलं होतं सकाळी सातला पहिली जीप तुमचीच, निवांत या. आम्ही साडेसहाला कुळ्याला, जिथून जीपा सुटतात तिथं, पोचलो तर आमच्या पुढे अर्धा गोवा उभा. एजंटचा फोन बंद. शेवटी आमचा नंबर लागला साडेदहाला. दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर पहाटे स्वतः जाऊन रांगेत उभं राहा, मध्ये कोणाला घेऊ नका. जीपमध्ये सात माणसं बसवतात, आम्ही तिघं आणि हुबळीची चार कॉलेजची पोरं. तिथंच लाइफ जॅकेट भाड्याने देतात. मी काउंटरवर म्हणालो, मला पोहता येतं. एवढं वाक्य म्हणायला मी एप्रिलपासून तयारी केली होती. तो वरही न बघता म्हणाला, सगळ्यांना कंपल्सरी. बायको पुन्हा हसली.

रस्ता उद्यानातून जातो, दहा-बारा किलोमीटर, पण रस्ता हा शब्द मोठेपणाने वापरला. मध्ये तीनदा नदी आडवी येते आणि जीप पूल वगैरे न शोधता सरळ पाण्यात घुसते. पाणी पायाशी आलं तेव्हा मी दाराचा दांडा धरला, ड्रायव्हर बेफिकीर, सायलेन्सरचं तोंड वर काढलेलं असतं म्हणे. ही दूधसागर नदी, पुढे मांडवीला मिळते, त्याच मांडवीला जिला वरच्या भागात म्हादई म्हणतात आणि जिच्या पाण्यावरून गोवा-कर्नाटक वर्षानुवर्षं भांडतायत. पावसाळ्यात हीच नदी इतकी फुगते की जीपा बंद ठेवतात, ऑक्टोबरमध्ये सुरू होतात. उतरल्यावर शेवटचा एक किलोमीटर चालत, मोठमोठ्या दगडांवरून. लाल तोंडाची माकडं रस्त्यावर हप्ता वसूल करतात, हुबळीच्या एका पोराचा चिप्सचा पुडा गेला, आमची संत्री गेली. नागपूरची संत्री खाऊन ते माकड तोंड वाकडं करून माझ्याकडे बघत होतं, अजून आंबट होती, खरं आहे, आंबिया बहाराची नुकतीच यायला लागलेली.

आवाज आधी येतो. मग झाडं संपतात आणि समोर भिंत. ३१० मीटर. मी आकडा वाचून गेलो होतो तरी मान मागे टाकल्यावर तो आकडा डोक्यातून गेला. पाणी चार टप्प्यांत येतं, मध्ये रेल्वेचा पूल, आणि तिथून वर अजून तेवढंच. नाव का पडलं ते सांगावं लागत नाही, तरी गोष्ट आहे, राजकन्या तळ्यावर आंघोळ करायची आणि नंतर साखर घातलेलं दूध प्यायची, एकदा कोणी राजपुत्र तिला झाडीतून बघत होता, तेव्हा तिच्या सख्यांनी तिला झाकायला समोर दूध ओतलं. म्हणजे गोष्टीतही गर्दी होतीच.

डोह मोठा, हिरवा, दोऱ्या बांधून पोहायची हद्द आखलेली, काठावर शिट्टीवाले जीवरक्षक. पोट्टा उतरला आणि गेला. मी चष्मा बायकोकडे दिला, जॅकेटचे बंद तीनदा तपासले, आणि पाऊल टाकलं.

गार. म्हणजे किती गार हे नागपूरकराला सांगता येणार नाही. कमरेपर्यंत ठीक होतं. छातीला पाणी लागलं आणि श्वास आपोआप आत खेचला गेला, आणि मग सुटेचना, हुप हुप हुप असा उथळ श्वास, टाकीत दोन महिने शिकलेलं आत-बाहेर सगळं साफ. जॅकेट घालून मी तरंगत होतो, बुडायचा प्रश्न नव्हता, पण छातीत घोडा धावत होता. नंतर कळलं की गार पाण्यात हे सगळ्यांनाच होतं, एक-दोन मिनिटांत आपोआप थांबतं, फक्त त्या एक-दोन मिनिटांत डोकं पाण्याखाली जाऊ द्यायचं नसतं. त्यासाठीच ते जॅकेट. काउंटरवरच्या त्या माणसाबद्दलचं माझं मत तिथं गळाभर पाण्यात बदललं. श्वास जागेवर आला तेव्हा पायाला काहीतरी टोचलं, मी पाय झटकला, परत टोचलं. मासे. पायाची कातडी खायला आलेले. मॉलमध्ये याचे पैसे घेतात.

पण पोहलो का? नाही. लाइफ जॅकेटमध्ये पोहता येत नाही, माणूस बाटलीसारखा उभा राहतो आणि हात मारले की गोल फिरतो. ठरलेल्या वेळात जीपवर परत यायचं होतं. एप्रिलपासूनची सगळी मेहनत आणि मी दूधसागरात बाटली होऊन वीस मिनिटं गोल फिरलो. परत येताना मी गप्प होतो. पोट्टा म्हणाला, बाबा मस्त होतं ना. हौ म्हटलं, मस्त होतं.

काकांनी चेहरा ओळखला असावा. जेवताना विचारलं, "पेंवपाक येता?" म्हणजे पोहता येतं का. मी खरं सांगितलं. टाकीत येतं. त्यांच्या कुळागराच्या खालच्या अंगाला, अभयारण्याच्या हद्दीबाहेर, ओढ्यात एक कोंड आहे, आपण डोह म्हणतो तेच, त्यांची तीन पिढ्या पोरं तिथं शिकली. म्हणाले सकाळी बघू.

सकाळी गेलो तर पाणी छान दिसत होतं. काका काठावर उकिडवे बसले, पाच मिनिटं नुसतं बघत. मग म्हणाले, आज नाही. का? रात्री वर घाटावर पाऊस पडलाय. आमच्याकडे तर थेंब नव्हता. त्यांनी बोट दाखवलं, पाण्याचा रंग कालच्यापेक्षा जरा चहासारखा, आणि वरून काड्या आणि ओली पानं वाहत येतायत. काड्या यायला लागल्या की मागून पाणी येतं, कधी हातभर, कधी पुरुषभर, आणि ते सांगून येत नाही. तासाभराने परत नेऊन दाखवलं, सकाळी ज्या दगडावर आम्ही बसलो होतो तो दिसत नव्हता. मला आमच्या नागपूरजवळच्या झिलपी तलावाच्या बातम्या आठवल्या. दर पावसाळ्यात पेपरात असते, पोरं सहलीला जातात, सेल्फी काढतात, उतरतात. आपण वाचतो आणि म्हणतो काय ही पोरं. मी बेचाळीस वर्षांचा माणूस, त्या सकाळी कपडे काढून तयार उभा होतो.

तो दिवस तांबडी सुर्ल्याच्या महादेवाला घालवला. कदंबांच्या काळातलं, बाराव्या-तेराव्या शतकातलं देऊळ, काळ्या बेसाल्टचं, आणि असा दगड आजूबाजूला नाही, घाटावरून आणलेला. आत इतकं गार आणि अंधारं की पोट्टाही हळू आवाजात बोलायला लागला. मागे जंगलात धबधबा आहे, तिकडे नाही गेलो, बायकोने जळवा या एका शब्दात विषय संपवला.

तिसऱ्या दिवशी पाणी पुन्हा आरसा झालं. काकांनी एक वाळकं पान घेतलं आणि कोंडाच्या वरच्या तोंडाशी टाकलं. पान सरळ आलं, मधल्या मोठ्या दगडाला वळसा घातला, आणि दगडामागे जाऊन गोल गोल फिरत बसलं, बाहेर येईना. दुसरं पान टाकलं, ते डाव्या काठाने सावकाश तरंगत खालच्या उथळ जागेत वाळूला लागलं. म्हणाले, दुसरं पान गेलं तिथून तू जायचं. पहिल्या पानाच्या वाटेला जायचं नाही. आणि पाणी वरून जोरात पडतं, पांढरा फेस असतो, तिथं तर अजिबातच नाही, फेसात हवा जास्त, पाणी कमी, त्याच्यावर माणूस तरंगत नाही. पायाने तळ चाचपायचा नाही, खाली दगडात गोट्यांनी फिरून फिरून कोरलेले रांजणासारखे खड्डे असतात, पाय अडकतो. एवढं सगळं मला आमच्या टाकीत कोणी सांगितलं नव्हतं, सांगणार कुठून, टाकीला वरचं तोंड आणि खालचं तोंड नसतं.

चष्मा काकांच्या बनियनच्या गळ्यात अडकवला. पोट्टा काठावर, काका खालच्या उथळ जागेत कमरेइतक्या पाण्यात उभे. मी हळूहळू उतरलो, छातीला पाणी लागलं, हुप हुप सुरू झालं, यावेळी माहीत होतं म्हणून थांबलो, दगडाला धरून. शंभर आकडे मोजले. मग सोडलं.

सात-आठ हात बरे मारले. मग मधोमध, सवयीने, पाय खाली टाकला. आणि खाली काहीच नव्हतं. टाकीत कसं, साडेतीन फुटावर फरशी असतेच, मनात आलं की उभं राहायचं. इथं पाय गेला, गेला, आणि खालच्या पाण्याचा थर तर वरच्यापेक्षाही गार, जणू कोणीतरी घोट्याला हात लावला. आईचा आवाज कानात. मी मान उचलली, मान उचलली की कंबर खाली, पुढचं तुम्हाला माहीतच आहे. एक घोट पाणी गेलं. काका ओरडले काहीतरी कोंकणीत, मला कळलं नाही. आणि मग माझं मलाच कळलं नाही कसं, पण मी मान मागे टाकली. कान बुडाले. पोट वर आलं.

सगळं बंद. पाण्यात कान गेले की बाहेरचं काही ऐकू येत नाही, फक्त स्वतःचा श्वास आणि खूप लांब दगडावर दगड घासल्याचा आवाज. वर झाडांची भोकाभोकाची चाळणी, चष्मा नाही त्यामुळे हिरव्यात पांढरं कालवलेलं. पाणी मला हळूहळू नेत होतं, दुसऱ्या पानाच्या वाटेने. तेवढ्यात त्या पांढऱ्या तुकड्यातून काळं काहीतरी गेलं. मोठं. मग दुसरं. लांब मान, त्याच्यापुढे काहीतरी जाडजूड. डाग म्हणा ना, दोन डाग. आणि मी वाळूला लागलो, काकांनी दंड धरून उभं केलं.

पोट्टा काठावर नाचत होता. बाबा धनेश! बाबा दोन धनेश तुमच्या वरून गेले, पंखांचा आवाज ऐकला का, असा झूक झूक झूक, गाडीसारखा! मी कुठला ऐकतोय. काका म्हणाले या जोडीची ढोली पलीकडच्या झाडात आहे, उन्हाळ्यात मादी आत बसून तोंड लिंपून घेते, फटीएवढी जागा ठेवते आणि नर कित्येक आठवडे तिला बाहेरून फळं आणून भरवतो. बायको माझ्याकडे बघून म्हणाली, ऐकलं का. ते मात्र ऐकलं.

मग अजून दोनदा गेलो त्या वाटेने. धनेश काही परत आले नाहीत.

परतीला मडगावहून दुपारची गोवा एक्सप्रेस घेतली, ती भुसावळला सोडते, तिथून गाडी बदलून नागपूर. ही घ्यायचं कारण एकच, ती दूधसागरच्या पुलावरून जाते. कुळ्याला मागून जास्तीची इंजिनं लागतात, चढ फार आहे, ३७ मीटरला एक मीटर, आणि मग बोगदे, झाडी, बोगदे. आमच्या सीटा चुकीच्या बाजूला आल्या हे धबधबा आल्यावर कळलं, दारापर्यंत पोचेस्तोवर खिडकीत वीस मोबाइल. तरी दिसलं, आणि तोंडावर तुषार आले. याच कॅसलरॉक-कुळे मार्गाला दुसरा रूळ टाकायचं ठरलं होतं, गोव्यात लोकांनी खूप विरोध केला, शेवटी २०२२ च्या मेमध्ये सुप्रीम कोर्टाने त्याची वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. एका रुळासाठी डोंगर किती खरवडलाय ते दारातून दिसतं, दुसऱ्याचा हिशोब ज्याने त्याने करावा.

घरी आल्यावर आईला काही सांगायचं नाही असं ठरलं होतं. पोट्ट्याने अर्ध्या तासात व्हिडिओ दाखवला. मी बघत होतो दारातून. तिने मोबाइल डोळ्यांजवळ धरला, पूर्ण बघितला, मी उताणा, तोंड तेवढं वर, पाणी नेतंय. परत लावायला सांगितला. परत बघितला. मला वाटलं आता पाणी कोनाचं सगं नसते येणार.

"चष्मा कुठं होता तुया?" म्हणाली.

काकांच्या बनियनला, म्हटलं.

"हं." आणि मोबाइल पोट्ट्याला देऊन ती मेथी निवडायला लागली.